धोंड्याच्या महिन्यातले थेंब

२४ जुलै २०२३, सोमवार. सकाळी ७.१०

आजपासून तब्येतीची नोंद ठेवणार. क्वालिटीत सतरा वर्षं काढून एवढं शिकलो की ज्याची नोंद नाही त्याचा इलाज नाही.

वजन ८१. ब्लडप्रेशर मोजलं नाही. डावा डोळा किंचित लाल, कालपासून खुपतोय. कारण: धूळ. काल मल्हारगंजला सासुरवाडीला गेलो होतो. तिथल्या गल्ल्यांत धूळ फार.

कालची एक चांगली गोष्ट लिहून ठेवतो. सासरे संताजीराव, म्हणजे रुचीचे आबा, वय शहात्तर, मोडी वाचतात. ज्यांचे पूर्वज होळकरांच्या फौजेत नाहीतर दफ्तरात होते अशा घरांतले लोक जुने कागद घेऊन त्यांच्याकडे येतात आणि आबा ते देवनागरीत उतरवून देतात. त्यांचा डावा डोळा काचबिंदूत गेला, त्याला बारा वर्षं झाली. उजव्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्या ऑक्टोबरात झालं. म्हणजे सगळा कारभार एका डोळ्यावर. काल त्यांना एक ओळ लागत नव्हती, तर मी खिशातलं माझं भिंग काढून दिलं. कंपनीचं आहे, दहा पट, डोळ्याच्या खोबणीत बसवायचं. दोन तास लावून बसले होते. निघताना परत घेतलं, कारण आज कंपनीत लागणार. सासूबाई म्हणाल्या की जावई असावा तर असा. खरं ते खरं.

२५ जुलै, मंगळवार

शहरात आय फ्लूची साथ. आमच्या सांवेर रोडच्या कारखान्यांत, प्रत्येक युनिटमध्ये दोन-चार काळे चष्मे दिसतायत. मी लगेच सर्क्युलर काढलं: ज्याचा डोळा लाल, तो सात दिवस घरी. परत येताना डॉक्टरचं सर्टिफिकेट. हिंदीत आणि इंग्रजीत. खाली सही माझी, यशवर्धन, क्वालिटी हेड. एमडी व्हेरी गुड म्हणाले.

डावा डोळा कालच्यापेक्षा लाल. पाणी येतंय. सर्क्युलर मला लागू होत नाही, कारण ते संसर्गाच्या लालीसाठी आहे आणि माझी लाली धुळीची आहे. शिवाय शुक्रवारी कस्टमरचं ऑडिट. मी सात दिवस घरी बसलो तर ऑडिट कोण देणार, वॉचमन?

२६ जुलै, बुधवार

नेटवर रीतसर अभ्यास केला. तक्ता तयार. पाणी येत असेल तर व्हायरस. चिकट पिवळा पू असेल तर बॅक्टेरिया. खाज असेल तर अ‍ॅलर्जी. व्हायरसमध्ये कधीकधी कानासमोर गाठ येते आणि दुखते. इतकं सोपं असताना डॉक्टर लोक दुर्बिणीत काय बघत बसतात कळत नाही.

माझी लक्षणं: पाणी भरपूर. वाळू गेल्यासारखं टोचतं. कानासमोर गाठ आहे, दाबली की दुखते. खाज नाही.

तक्त्याप्रमाणे व्हायरस येतो. पण तक्ता सर्वसाधारण माणसांसाठी असतो. डोळा दोन मिनिटं जोरात चोळून पाहिला, तेव्हा खाज आली. निदान: अ‍ॅलर्जी. गाठ उशीमुळे.

संध्याकाळी मेहुण्याचा, अर्पितचा फोन. तो घरातसुद्धा काळा गॉगल लावून बसतो, कारण त्याच्या मते आय फ्लूवाल्याकडे बघितलं की आय फ्लू होतो. मी त्याला वीस मिनिटं समजावलं की नजरेने काही होत नाही. हात, टॉवेल, उशी, एकमेकांच्या वस्तू यांनी होतं. शिकलेल्या माणसांचं हे अज्ञान बघून वाईट वाटलं. बोलता बोलता डोळ्याचं पाणी पुसत होतो. मग फोन रुचीला दिला.

२७ जुलै, गुरुवार

हरी पकडला गेला. माझ्या शेजारच्या टेबलावर पंपाच्या सीलवरचे ओरखडे तपासतो. दोन्ही डोळे लालभडक, पापण्या सुजलेल्या. ताबडतोब घरी पाठवला. घरात कोणाला आहे विचारलं, तर म्हणतो कोणालाच नाही साहब, मोहल्ल्यातही नाही. लोक खरं सांगत नाहीत, हीच आपल्या देशाची अडचण आहे.

दुपारनंतर इन्स्पेक्शनचे आणखी दोघे गेले. तपासणीचं सगळं काम माझ्यावर. रुची म्हणते तुमचे डोळे दाखवून या. शनिवारी बघू.

२८ जुलै, शुक्रवार

ऑडिट पार पडलं. एकही मोठी त्रुटी नाही. मी रंगीत काचांचा चष्मा लावला होता, कोणाला काही कळलं नाही. ऑडिटरला एका सीलवर ओरखड्याची शंका होती. मी चष्म्याआड डोळ्याला लावलेलं भिंग काढून तिथल्या तिथे त्याच्या हातात दिलं. गृहस्थ खूश. पारदर्शकता म्हणतात ती हीच.

२९ जुलै, शनिवार. सकाळी

पापण्या चिकटल्या. कोमट पाण्याने उघडाव्या लागल्या. उजवा डोळाही लाल. पिवळं येतंय.

डॉक्टरकडे जाणार होतो. पण उद्या धोंडे जेवण आहे. यंदा अधिक श्रावण, म्हणजे धोंड्याचा महिना, म्हणजे जावयाचा महिना. तीन वर्षांतून एकदा येतो. या महिन्यात मुलगी-जावई म्हणजे लक्ष्मीनारायण. पाय धुतात, टिळा लावतात, तेहतीस अनारशांचं वाण देतात. सासूबाई आठ दिवस तांदूळ भिजवून बसल्यात. आज डॉक्टरने आय फ्लू असं नाव ठेवलं की रुची उद्याचं रद्द करणार. इतक्या लोकांचा विरस करणं मला जमत नाही.

फ्रिजच्या दारात उपाय सापडला. आबा ऑपरेशननंतर दहा दिवस आमच्याकडे राऊला राहिले होते, तेव्हाच्या थेंबांची बाटली. अर्धी भरलेली. डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरने दिलेलं औषध, दोन औषधं एकत्र, म्हणजे साधं नव्हे. एक्स्पायरी मार्च २०२४. म्हणजे चांगलं आठ महिने चालेल. मी एक्स्पायरी बघितल्याशिवाय काही वापरत नाही.

चार वेळा घातलं. संध्याकाळपर्यंत लाली निम्मी. निदान सिद्ध झालं.

३० जुलै, रविवार

डोळे जवळजवळ पांढरे. बाटली खिशात टाकून निघालो, दुपारचा डोस चुकू नये म्हणून.

सोहळा उत्तम. चौरंग, रांगोळी, चांदीचं ताट. आबांनी स्वतः पाय धुतले. मी नको नको म्हणालो, पण फार जोर लावून म्हणालो नाही. टिळा लावताना बघितलं तर आबांचा उजवा डोळा लाल, पाणी गळतंय. परवापासून आहे म्हणाले. उद्या सकाळी अर्पितबरोबर डॉक्टरकडे जाणार होते.

मी तपासलं. पाणी, लाली, पू नाही. सरळ आय फ्लू, साथीतला. त्यासाठी उद्या चार तास दवाखान्याच्या बाकावर बसायचं, तिथे दहा जणांचं आणखी घेऊन यायचं, याला अर्थ नाही. माझाही हाच प्रॉब्लेम होता, बघा डोळे. सगळ्यांनी माझे डोळे बघितले. बाटली काढली. आबांनी ओळखली, म्हणाले ही तर माझीच. मी म्हटलं तुमचीच आहे, म्हणून तुम्हाला सूट होणारच.

रुची मध्ये बोलली. ती म्हणाली, "आबांना एकच डोळा आहे. त्याच्यावर प्रयोग नको. उद्या डॉक्टरना दाखवू." सासूबाईंनी तिला हाताने गप्प केलं. म्हणाल्या, धोंड्याच्या महिन्यात जावयाचा शब्द खाली पडू द्यायचा नसतो. आबा हसले, मान मागे टाकली.

मी स्वतः घातले. पहिला थेंब गालावर गेला, दुसऱ्याला बाटलीचं टोक पापणीला लागलं, तिसरा नीट बसला. बाटली सासूबाईंकडे ठेवून आलो. स्पष्ट सूचना दिल्या: दिवसातून चार वेळा, पंधरा दिवस, कोर्स मध्ये सोडायचा नाही. औषध अर्धवट सोडल्याने काय होतं ते मला माहीत आहे.

अनारसे चौदा खाल्ले. परतताना रुची राऊपर्यंत बोलली नाही. दमली असेल.

१ ऑगस्ट, मंगळवार

सासूबाईंचा फोन. आबांची लाली उतरली. दुपारी दोन पानं उतरवून झाली. जावईबापूंच्या हाताला यश आहे म्हणाल्या. मी रुचीला स्पीकरवर ऐकवलं.

कंपनीत अकरा जण रजेवर. एमडींनी कारण शोधायला सांगितलं आहे. रूट कॉज अ‍ॅनालिसिस माझ्या हातचा मळ. उद्या फिशबोन काढतो, म्हणजे माशाच्या काट्यासारखी कारणांची आकृती.

२ ऑगस्ट, बुधवार

फिशबोन झाला, रंगीत. मग पाच वेळा "का".

का १: अकरा जणांना आय फ्लू का? इन्स्पेक्शन विभागातून पसरला.
का २: इन्स्पेक्शनमध्येच आधी का? तिथे भिंग एकच, सगळे आळीपाळीने डोळ्याला लावतात.
का ३: भिंगावर संसर्ग कुठून आला? हरी गुरुवारी आजारी पडला. त्याच्या आधी ते भिंग सोमवार-मंगळवारी होतं

इथे थांबलो. पाचच वेळा विचारायचं असा काही कायदा नाही. तीनमध्येही चांगला रिपोर्ट होतो. कारण लिहिलं: सामायिक उपकरण. उपाय: प्रत्येकाला वेगळं भिंग, स्पिरिटने पुसून. एमडी खूश. उपाय तर बरोबरच आहे.

रविवारी, तेवीस तारखेला, भिंग कोणाकडे होतं हे या रिपोर्टच्या कक्षेत येत नाही. सासुरवाडी ही कंपनीची जागा नव्हे.

३ ऑगस्ट, गुरुवार

आबांना धुरकट दिसतंय म्हणे. उजेड सहन होत नाही, खिडक्या लावून बसलेत. डोळा दुखतो. मी सासूबाईंना सांगितलं की औषध आतला दोष बाहेर काढत असताना असं होतं. हे मी कुठे वाचलं ते आठवत नाही, पण वाचलेलं आहे.

माझे डोळे ठीक. उजवा थोडा धुरकट. चष्म्याची काच पुसली.

४ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी सव्वासातला अर्पितचा फोन. गॉगलवाला अर्पित, पण आज आवाज वेगळा होता. म्हणाला, "जीजाजी, आबांच्या बुबुळावर सफेद धब्बा आलाय. रात भर सोए नी. ये फ्लू-व्लू नी है." मी धीर द्यायला सुरुवात केली. त्याने फोन ठेवला.

डोळ्यांच्या दवाखान्यात मीही गेलो. जबाबदार माणूस कोणीतरी हवा. डॉक्टरबाई तरुण आहेत, चेहऱ्यावरची माशी हलत नाही. आबांची हनुवटी मशीनवर टेकवली. डोळ्यात पिवळा रंग घातला, निळ्या उजेडात बघितलं. जिथे बुबुळाची कातडी गेलेली असते तिथे तो रंग हिरवा चमकतो असं त्यांनी सांगितलं. मला दाखवलं. मधोमध हिरवा ठिपका, हरभऱ्याच्या डाळीएवढा.

मग डोळा बधिर करून तो ठिपका बारीक पात्याने खरवडला. काचेवर घेतला, डबीत घेतला, लॅबला पाठवला. आबांनी एकदाही हूं की चूं केलं नाही. त्यांनी अर्पितचा हात धरून ठेवला होता.

डॉक्टरबाईंचं म्हणणं असं: आधी साथीचा व्हायरस असणार, तो बहुतेकांचा आपोआप बरा होतो. पण त्यावर बॅक्टेरियाने जखम केली आहे आणि ती खोल जाते आहे. इतक्या लवकर एवढी खोल का, हे त्यांना कळत नव्हतं. त्यांनी विचारलं, डोळ्यात काय घातलं? कोणाचं जुनं औषध, स्टेरॉइडचे थेंब, काही?

मी तोंड उघडणार होतो. खरंच उघडणार होतो. त्याआधी आबा बोलले, "गुलाबपाणी घातलं. माझंच शहाणपण."

डॉक्टरबाई आबांना चांगल्याच रागावल्या. सगळ्यांसमोर. या वयात, एकच डोळा असताना. आबा मान खाली घालून ऐकत राहिले. मीही मान हलवली, कारण गुलाबपाण्याबद्दलचं त्यांचं म्हणणं योग्यच होतं.

बाहेर मला एकट्याला गाठून आबा हळूच म्हणाले, "जावईबापू, मनाला लावून घेऊ नका. धोंड्याचा महिना आहे. जावयाचं नाव दवाखान्यात निघू नये." केवढा मोठा माणूस. त्यांनी एकदा सांगितल्यावर मी डॉक्टरांना दुसरं सांगणं म्हणजे वडीलधाऱ्याला खोटं पाडणं. ते माझ्याने होणार नाही.

नवीन थेंब दर तासाला. दिवसरात्र.

५ ऑगस्ट, शनिवार

एक गोष्ट करायची आहे: सासूबाईंना सांगायचं की ती जुनी बाटली फेकून द्या. म्हणजे त्यांनी बंद केलीच असणार. डॉक्टरांचं नवीन सुरू झालं की जुनं बंद, हे कोणालाही कळतं. तरी सांगायचं.

फोन केला. अर्पितने उचलला. अर्पितसमोर बाटलीचा विषय नको. तब्येत विचारून ठेवला.

रुची मल्हारगंजला राहायला गेली आहे. रात्रीचे थेंब तिच्याकडे.

६ ऑगस्ट, रविवार

आज स्वतः जाऊन बाटली आणणार होतो. पण या महिन्यात जावई दारात आला की सासूबाई स्वयंपाकाला लागणार, आधीच जागरणाने बेजार. त्यांना त्रास नको म्हणून नाही गेलो.

रुचीला मेसेज करायला घेतला. "आईंना विचार की ती" इथपर्यंत लिहिला. पुढे काय लिहायचं ते सुचेना. पुसला. सोमवारी नक्की.

७ ऑगस्ट, सोमवार

लॅबचा रिपोर्ट आला. सूडोमोनास नावाचा बॅक्टेरिया. वाचलं: ओलसर जागी, उघड्या राहिलेल्या बाटल्यांत वगैरे वाढतो. वगैरे म्हणजे कशातही वाढतो.

औषध बरोबर लागू आहे तरी जखम वाढतेय. डॉक्टरबाई चक्रावल्यात. आबांना दाखल करून घेतलं. सोमवार असल्याने कंपनीत प्रॉडक्शन मीटिंग होती. फोन करायचा राहिला.

८ ऑगस्ट, मंगळवार

संध्याकाळी रुची घरी आली, कपडे न्यायला. पर्समधून ती बाटली काढली आणि टेबलावर ठेवली.

सासूबाई ती काल संध्याकाळपर्यंत घालत होत्या. दिवसातून चार वेळा. डॉक्टरांच्या तासातासाच्या थेंबांच्या मध्ये, रुची अंघोळीला नाहीतर जरा पडायला गेली की. दवाखान्यातही पदराआड घेऊन गेल्या होत्या. जावईबापू म्हणाले होते मध्ये सोडायचं नाही, म्हणून. आबा नको म्हणत होते का, असं मी विचारलं. रुची म्हणाली, आबांना तासाला कोण काय घालतंय ते दिसत कुठे होतं.

मी म्हटलं की आईंनी निदान विचारायला हवं होतं. हे म्हणायला नको होतं.

रुचीने एवढंच विचारलं, "डॉक्टर विचारत होत्या तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

मी म्हणालो, तिथेच होतो.

ती पिशवी भरून गेली.

९ ऑगस्ट, बुधवार

बाटली भिंगाखाली धरली. एक्स्पायरीच्या खाली, फार बारीक अक्षरात: उघडल्यावर एक महिन्यात वापरावे. उघडली ऑक्टोबरात. दोन औषधांपैकी एक स्टेरॉइड आहे, म्हणजे लाली उतरवतं आणि आत जंतूंना मोकळीक देतं. टोकाशी पिवळट काहीतरी सुकलेलं.

मी रोज या भिंगाने केसाएवढा ओरखडा शोधतो. त्या दिवशी भिंग खिशात होतं.

डॉक्टरकडे जायचं ठरवलं. नुसतं तोंडी सांगण्यापेक्षा व्यवस्थित लिहून नेतो, म्हणजे गैरसमज व्हायला नको. तारखा सगळ्या या वहीत आहेतच.

१० ऑगस्ट, गुरुवार

रिपोर्टचा पहिला भाग झाला. सकाळी दहाला अर्पितचा फोन. आबांच्या डोळ्यातून गरम पाणी आल्यासारखं झालं आणि दुखणं एकदम थांबलं. त्यांना वाटलं बरं झालं. जखम आरपार गेली होती. लगेच ऑपरेशनला घेतलं, भोक बुजवलं. डोळा जागेवर राहील. नजरेचं विचारू नका म्हणाल्या डॉक्टरबाई. पुढे कधी दुसऱ्याचं बुबुळ बसवता आलं तर बघू, पण आशा धरू नका.

मी अर्पितला म्हटलं मी येतो. तो म्हणाला, "रहने दो जीजाजी." त्याने पहिल्यांदाच मला नको म्हटलं.

११ ऑगस्ट, शुक्रवार

हरी सर्टिफिकेट घेऊन कामावर आला. दोन्ही डोळे स्वच्छ. डॉक्टरकडे पहिल्याच दिवशी गेला होता. त्याने काही घातलं नाही म्हणे, फक्त थंड पाण्याच्या पट्ट्या आणि वेगळा टॉवेल. दोन आठवड्यांत बरा. त्या दिवशी मी त्याचं बोलणं खोटं धरलं होतं, त्याबद्दल काहीतरी म्हणायचं होतं. त्याला त्याचं नवीन भिंग दिलं आणि सही घेतली.

रिपोर्ट पूर्ण. आठ पानं.

१२ ऑगस्ट, शनिवार

डॉक्टरबाईंना भेटलो. रिपोर्ट दिला. घटनाक्रम, फिशबोन, पाच वेळा "का", या वेळी पाचही. तिसऱ्या "का"पुढे माझं नाव. पाचव्यापुढे पुन्हा माझं. सोबत बाटली, प्लास्टिकच्या पिशवीत, लेबल लावून.

त्यांनी पहिलं पान वाचलं, शेवटचं वाचलं. मधली उलटली. मला वाटलं त्या ओरडतील. मी त्याची तयारी करून गेलो होतो. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "हे चार तारखेला तोंडी सांगितलं असतं तरी चाललं असतं. एवढंच, की जुने थेंब चालू आहेत."

मी विचारलं की आता याचा उपयोग? म्हणाल्या, उपचाराला नाही. बाटली ठेवून घेतली. रिपोर्ट परत दिला. बाहेर पुढचा पेशंट उभा होता.

माझे डोळेही तपासले. उजव्या बुबुळावर व्हायरसचे दोन पुसट डाग आहेत. काही महिन्यांत जातील. माझ्या डोळ्यांना काही होणार नाही.

१४ ऑगस्ट, सोमवार

रुचीला तीन फोन. उचलले नाहीत. मेसेज केला की डॉक्टरांना सगळं सांगितलं आहे. वाचल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या.

कंपनीत ऑडिटरचा मेल. त्याला आय फ्लू झाला होता, आता बरा आहे. ऑडिटमध्ये आपण चांगले गुण मिळवले आहेत.

१६ ऑगस्ट, बुधवार

अधिक महिन्याचा शेवटचा दिवस. आबांना काल घरी सोडलं. अर्धी रजा टाकून मल्हारगंजला गेलो. जाताना गाडीत तीन वाक्यं तयार केली होती. भिंग माझं होतं. थेंब माझे होते. दवाखान्यात मी गप्प बसलो. त्यानंतर माफी. जास्त काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं.

दारात अर्पित एका गृहस्थांशी बोलत होता. काखेत जुन्या कागदांचं बासन. आता ते काम बंद झालं असं सांगून अर्पितने त्यांना परत पाठवलं. मला बघून बाजूला झाला. गॉगल नव्हता त्याच्या डोळ्यावर.

आबा पलंगावर बसले होते, पट्टी बांधलेली. पावलं ऐकून म्हणाले, "कोण, जावईबापू? या, बसा." हाताने जागा दाखवली, ती माझ्यापासून दोन हात लांब होती. मी तिथे जाऊन बसलो. सासूबाई स्वयंपाकघरात होत्या, बाहेर आल्या नाहीत.

पहिलं वाक्य म्हणायला घेतलं. आबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, चाचपत. म्हणाले राहू द्या. मग आवाज खाली करून विचारलं, "रुची आहे का इथे? मघापासून काही बोलत नाहीये. जरा बघून सांगा, रडत तर नाही ना?"

मी बघितलं. रुची कपाटाला टेकून उभी होती. तोंडावर ओढणी दाबलेली, आवाज फुटू नये म्हणून. सरळ माझ्याकडे बघत होती.

नाही, रडत नाहीये, असं मी सांगितलं.